तळघराची किल्ली

शुक्रवारी बिशपच्या कचेरीतून माणूस येणार आहे
बाप्तिस्म्याची रजिस्टरं न्यायला.
अकरा वह्या. मी त्या जुन्या चादरीत बांधते आहे,
बाळंतिणीचे कपडे बांधावेत तशा.

पहिली वही अठराशे एकाहत्तरची.
फादर हॅनरॅटींचं अक्षर तिरकं, घाईचं,
जणू बाहेर खाणीचा भोंगा झालाय.
ओ'डाउड, मॅकगिंटी, पुन्हा ओ'डाउड.
समासात कुठेकुठे बारीक क्रूस:
ते मूल पुढच्या पानापर्यंत पोचलं नाही.

मग आमची माणसं आली लिथुआनियातून,
डोक्यात उवा, रुमालात गावची माती.
(माती नंतर कुणीतरी गोष्टीत घातली असावी.
उवा खऱ्या.)
फादरांना आमची नावं लिहिता येईनात.
स्तान्केविचुसचं झालं स्टँकी.
व्हिताउतास या नावापुढे लिहिलंय 'व्हिक्टर',
आणि त्यापुढे लॅटिनमध्ये, 'बहुधा'.
ते माझे आजोबा.
बहुधा म्हणून जन्मले,
दहाव्या वर्षी बहुधा म्हणूनच खाणीत उतरले.

त्या काळी रविवारी गाव उंचीप्रमाणे लागायचं.
मालकांचं दगडी चर्च टेकडीच्या माथ्यावर,
वेल्श मुकादमांचं चॅपल अर्ध्या चढावर,
पायथ्याशी आमचं, कॅथलिकांचं,
आणि त्यातही वर आयरिश,
लिथुआनियन तळघरात, बॉयलरशेजारी.
आजोबा सांगायचे,
वरचे गुडघ्यावर आले की
छतातून धूळ पडायची, थेट आमच्या प्याल्यात.
आम्ही ती प्यायलो.

एकोणीसशे आठ साली प्यायचं थांबवलं.
आठवड्याला चाळीस सेंट काढून
रस्त्यापलीकडे लाकडी चर्च उभं केलं.
बिशप म्हणाले, खरेदीखत माझ्या नावावर करा.
बाप्ये विचारात पडले.
बायका दारात उभ्या राहिल्या,
उकळत्या पाण्याच्या किटल्या घेऊन.

मग स्लोव्हाकांनी बांधलं, पोलिशांनी, इटालियनांनी.
एका गल्लीत पाच घंटा,
आणि कुणालाच दुसऱ्याचं घड्याळ मान्य नाही.
आमच्या गावाचे रोज पाच वेळा बारा वाजायचे.
सहाव्यांदा वाजले
त्या दिवशी खाण बंद झाली.

पोरं गेली. चर्चं एकेक करून मिटली.
आमची मरियामाता हातगाडीवरून रस्ता ओलांडून
परत आयरिशांकडे आली,
नाक फुटलेलं, ओठ घट्ट.

आणि दोन हजार चार साली
गोदामांत रात्रपाळीला डोमिनिकन माणसं लागली.
त्यांनी स्पॅनिश मिस्सा मागितली.
समितीची चिटणीस मी.
इतिवृत्त माझ्याच हातचं आहे:
'दुपारी एक वाजता. तळघरात.
तिथे बॉयलर असल्याने ऊब राहील.
ठराव एकमताने संमत.'

किल्ली न्यायला युदेल्का आली.
तिने काही विचारलं नाही.
भिंती खरवडल्या, निळ्या रंगवल्या,
गंजलेल्या पाइपाला कागदी फुलं बांधली.

एका रविवारी दुपारी मी वर एकटीच
मेणबत्त्यांचे बुंधे खरवडत होते.
खाली ढोल सुरू झाला.
फळ्यांतून, तळव्यांतून, गुडघ्यांपर्यंत.
माझ्या पायाखालून किती धूळ पडत असेल,
असं मनात आलं,
आणि मी बूट काढून हातात धरले.
मग तशीच उभी राहिले, मोज्यांवर,
म्हातारी, मूर्खासारखी.

आता हेही बंद. एक जण येऊन भिंती बघून गेला,
म्हणाला, छत उंच आहे, व्यायामशाळा छान होईल.

अकराव्या वहीतली शेवटची नोंद गेल्या महिन्यातली.
युदेल्काची नात.
नाव तीनदा विचारलं, तीनदा चुकले.
शेवटी वही फिरवली, पेन आईच्या हातात दिलं.
तिने सावकाश लिहिलं,
ओळीच्या बाहेर जाईल इतकं मोठं.

समासात थोडी जागा उरली होती.
मी तिथे काही लिहिलं नाही.