सव्वातीन

वूच शहर. नावाचा अर्थ होडी,
आणि गावात धड नदी नाही;
जी होती ती गिरण्यांनी जमिनीखाली घातली.
चौथ्या मजल्यावर बोगुमिवाबाई.
त्यांचा कॉम्प्युटर माझ्याहून तीनच वर्षांनी लहान.

"लुबोमिर, याला वेलबुट्टी उघड म्हटलं
की चहा करून, पिऊन, कप विसळून येईपर्यंत
नुसता घरघरतो."

पट्ट्या मी रविवारच्या बाजारातून आणल्या,
जिथं जुने पडदे, पदकं
आणि एकेकटे बूट विकायला असतात.
बारा झ्लॉटीला जोडी, घासाघीस करून दहा.
विकणारा म्हणाला, चालल्या तर चालल्या.

बाजूचा पत्रा काढला तर आत मांजर.
म्हणजे दोन मांजरांपुरते केस.
त्यातलं करडं जाऊन सहा वर्षं झाली.
बाईंनी करडे केस वेगळे केले,
अंगठा आणि तर्जनीत पीळ दिला,
हातभर सूत निघेल की काय असं मला वाटलं.
मग केरात टाकले.

आधी रेडिएटरला हात लावायचा,
अंगातली वीज तिथं सोडायची,
दारात बूट काढावेत तशी.
पट्ट्यांचे सोनेरी दात काळवंडलेले,
ते खोडरबरानं घासले.
खाच बरोबर मध्यावर नसते, जरा सरकलेली असते,
म्हणून पट्टी उलटी बसत नाही.
(बसवणारे तरीही असतात. मी एकदा बसवली आहे.)
मग दोन्ही अंगठ्यांनी दाब.
वाटतं, आता मोडणार.
वाटतं त्याहून थोडं जास्तच दाबावं लागतं.
टक्.
दुसऱ्या टोकाला, उशिरा, टक्.

बटण दाबलं. काळा पडदा,
तीन लांब शिट्ट्या.
बाईंचा हात टेबलाच्या कडेवर घट्ट झाला.
"गिरणीत भोंगा तीनदा वाजला
की मागात धागा नाही, माणूस अडकलेला असायचा."
मी पट्ट्या काढल्या, पुन्हा घासल्या,
डावीची उजवीकडे केली. का, ते विचारू नका.
एकच शिट्टी. आखूड.

पडद्यावर आकडा आला: सव्वातीन.
दोन आणि दोन घातले होते मी.
"पाऊण कुठे गेला?" बाईंनी विचारलं,
आयुष्यभर पगाराचं पाकीट मोजलेल्या आवाजात.
मी सांगू लागलो, पत्ते मोजके असतात,
बत्तीस बिटांत मावतील तेवढेच,
त्यातले काही मशीन पडद्यासाठी, आवाजासाठी
आधीच राखून...
"काठ," त्या म्हणाल्या.
"काय?"
"चार हात रुंद ताणा लावला
म्हणून चार हात कापड विकायला येत नाही.
थोडं काठात जातं, थोडं आकसण्यात,
थोडं मालकाच्या गजात.
चोरी फक्त शेवटची."

मग म्हणाल्या, "आता याच्या जास्त लक्षात राहील?"
नाही, म्हटलं. ही मेमरी फडताळ नव्हे, ओटा आहे.
काम चालू तोवर पसारा मांडायचा,
बटण बंद केलं की पुसून कोरडा.
"आमच्या भोकांच्या पुठ्ठ्यांसारखंच.
गुलाब कुठल्याच पुठ्ठ्याला माहीत नसायचा.
सुई जाऊ द्यायची की अडवायची, एवढंच."

चोवीसशे धाग्यांची वेलबुट्टी उघडली
ती किटलीचं झाकण लावेपर्यंत.
बाई पडद्याकडे बघत राहिल्या,
मग हातातल्या कपाकडे,
जरा रागानंच.
"आणि हा मी कधी विसळायचा?"

जुन्या दोन पट्ट्या मागून घेतल्या.
एक कुठे ठेवली ते मी पाहिलं नाही.
दुसरी स्वयंपाकघराच्या खिडकीत,
नोव्हेंबरपासून खडखडणाऱ्या फटीत
दोन्ही अंगठ्यांनी दाबून बसवली.
टक् झालं नाही.
पण खडखड थांबली.