सिरीजचा दिवा

धुरूबाईंनी टेम्पोतून पाठवला, चादरीत गुंडाळून,
सोबत दोन हमाल आणि एक चिठ्ठी :
"चालला नाही तरी चालेल.
फेकू नका."

लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या माळ्यावर
माझं टेबल, सहा बाय तीन.
त्यावर तो बसला
आणि माझा डबा खिडकीत गेला.

लाकडी शटर, पितळी कुलूप, किल्ली नाही.
अर्धं दुकान ओढून
कुणी जेवायला गेल्यासारखा.

मागचा पुठ्ठा काढला.
धूळ. पालीचा सांगाडा.
टपाल खात्याचं लायसन बुक, शेवटचा शिक्का अठ्ठ्याहत्तरचा.
आणि चेसिसच्या कोपऱ्यात
कॅरमची राणी.

फोन केला. बाई बराच वेळ बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, "म्हणजे विन्यानं चोरली नव्हती."

आधी पिक्चर ट्यूबचा झटका उतरवायचा,
स्क्रूड्रायव्हरला वायर, वायरला अर्थ.
पेडणेकर मास्तर सांगायचे, एक हात खिशात,
दोन्ही घातलेस तर उद्याचा चहा मी एकटा पिणार.
अजून भाजी घेतानाही
माझा डावा हात खिशात जातो.

मेणाचे कंडेन्सर सगळे गळालेले.
जुनी नळकांडी पोखरून नवे आत बसवले,
वरून मेण ओतलं, होतं त्याच रंगाचं.
मागचा पुठ्ठा लावल्यावर
हे कोण बघणार आहे?
ओतलं.

व्हॉल्व्ह मिळत गेले. एक पीएल पाचशेचार तेवढा मिळेना.
चोरबाजारात नाही, कुर्ल्याच्या भंगारात नाही.
शेवटी नळबाजारात, शहाबुद्दीनच्या घरी.
तो जाऊन नऊ वर्षं झाली,
झुलेखाबीनं त्याचा डबा शिलाई मशीनखाली तसाच ठेवलेला.
पैसे घेतले नाहीत.
"पेटला तर कळवा."

मग सिरीजमध्ये शंभरचा दिवा लावून वीज सोडली.
पिवळाच दिवा लागतो, एलईडीला यातलं काही कळत नाही.
भडकून तसाच राहिला तर आत शॉर्ट,
मंदावला तर जीव आहे.

भडकला.
मंदावला.

व्हॉल्व्ह लाल होत गेले,
समोरच्या इमारतीत तिन्हीसांजेला खिडक्या लागतात तसे,
कुणाची आधी, कुणाची उशिरा.
दिवा काढला, सरळ लाइन दिली.

पण शिट्टी नाही.
लाइन ट्रान्सफॉर्मरची ती बारीक शिट्टी,
जिच्यावरून मी जिन्यातच ओळखायचो
कुणाच्या घरी टीव्ही लागलाय.
पडदा काळा. मीटर म्हणत होता, सगळं ठीक आहे.
मी मीटरचं ऐकलं नाही,
तीन रात्री ट्रान्सफॉर्मर उसवत बसलो
आणि वहीत लिहिलं : गेला.

चौथ्या दिवशी नात डबा घेऊन आली,
दारातच कानांवर हात ठेवून उभी.
"आजोबा, बंद करा ना!
केवढ्यानं किंचाळतोय तो!"

मी टीव्हीकडे पाहिलं. मग तिच्याकडे.
मला फक्त पंखा ऐकू येत होता.

ब्राइटनेसचं बटण गंजलं होतं, एवढंच.
कापसाचा बोळा, दोन थेंब स्पिरिट.
पडदा उजळला
आणि मुंग्या आल्या, लाखभर मुंग्या.
वरळीचा मनोरा आता
याच्या भाषेत बोलत नाही.

धुरूबाई आल्या, दोन माळे चढून, दम खात.
स्टुलावर बसल्या आणि पाव तास मुंग्या बघितल्या.
मी म्हटलं, एक खोका जोडला तर चित्र दिसेल.
"नको. बंद करून दाखवा."

बंद केला. उजेड आक्रसला,
मधोमध पांढरा ठिपका राहिला.
बाई पुढे वाकल्या.
"हा जाईपर्यंत विन्या उठायचा नाही."
थोड्या वेळानं विचारलं, "गेला का?"
मला नीट दिसत नव्हतं.
गार्गी म्हणाली, "आहे अजून."

राणी त्यांनी रुमालात बांधून नेली.
विन्या कुठे असतो, मी विचारलं नाही.

रात्री नळबाजारात फोन लावला.
"पेटला," म्हटलं.
पलीकडे मशीन चालू होतं,
ते थांबलं.