शीग

चीक्टोवागा.
हे गावाचं नाव आहे, शिंक नव्हे.
बफेलोच्या कडेला, विमानतळ इतका जवळ
की कुकरची तिसरी शिट्टी हमखास विमानात हरवते
आणि आमटीची डाळ कधी लगदा, कधी कच्ची.

इथे अकरा हिवाळे काढले.
बर्फ कसा उपसावा हे कुणी शिकवलं नाही,
पहिल्या वर्षी शेजारच्या पायरीवरून फक्त एक ओरड आली:
"कमरेतून नाही, गुडघ्यातून!"
ते यूजीन नोवित्स्की. वय तेव्हा एकाहत्तर,
कानटोपी लाल, बोलणं मोजून.

आमच्या दोन दारांमधल्या पायवाटेला एक भेग आहे.
भेगेच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ते.
पण यूजीन आपला बर्फ उपसून थांबायचे
ते भेगेपाशी नाही,
एक फावडं अलीकडे. माझ्या हद्दीत.
दर वेळी. मोजून एकच फावडं.

मला वाटलं, नजर गेली असेल.
मग वाटलं, टोमणा असेल, की बाई उशिरा उठते.
खरं सांगते, राग आला.
मी दुसऱ्या दिवशी पाचला उठून
भेगेपर्यंत, अगदी भेगेपर्यंत, सुरीने कापल्यासारखं साफ केलं
आणि आत येऊन चहा घेतला, जिंकल्यासारखा.

संक्रांतीला तरीही गुळाच्या पोळ्या पाठवल्या.
आठवड्याने स्टीलचा डबा परत आला,
आतून आरशासारखा लख्ख
आणि रिकामा.
बार्शीला पुष्पीला फोन लावला. "रिकामा गं!"
ती म्हणाली, "त्यांच्यात नसेल पद्धत.
आणि तू काय, डब्यासाठी पोळ्या केल्यास?"
मी विषय बदलला.

आई साखर उसनी आणायला मला पाठवायची.
तांबोळीकाकूंकडून वाटी यायची सपाट,
परत जायची शीग लावून.
मी दोन्ही हातांनी धरून गल्ली ओलांडायची,
सांडलेले दाणे मनगटावरून चाटत.
एकदा विचारलं, घेतली तेवढीच का नाही द्यायची?
आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली,
"सपाट दिलं की संपलं."

हे मला आठवलं तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली,
नाकातलं पाणी गोठलेलं,
हातात फावडं, पुढ्यात ती भेग
आणि भेगेच्या अलीकडे
एक फावडं रुंद काळी ओली जमीन
जी मी उपसली नव्हती.

बराच वेळ तशीच उभी राहिले.
बर्फाच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला, तेव्हा हलले.

त्या दिवसापासून मीही भेग ओलांडते.
कधी एक फावडं, कधी दोन.
दोन झाली की यूजीन पुढच्या वेळी तीन करतात.
म्हातारा हट्टी आहे.
भेग नक्की कुठे आहे
हे आता मार्चमध्येच कळतं.

गेल्या वर्षी त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं.
मुलगा फिनिक्सला, तिकडे बर्फ फक्त ग्लासात.
मी त्यांची पायवाट काढली, मग पायऱ्या,
मग कळेना थांबायचं कुठे, म्हणून टपालपेटीपर्यंत गेले.
खिडकीत लाल टोपी दिसली.
हात हलला नाही.
काच ठोठावली गेली, दोनदा,
आणि बोटाने गुडघा दाखवला.

यंदा पोळ्यांचा डबा परत आला तो जड.
उघडायची गरज नव्हती, झाकण लागतच नव्हतं.
आत मीठ. खायचं नव्हे,
बर्फावर टाकायचं, जाडंभरडं, निळसर,
काठावरून वर आलेलं,
वर एका म्हाताऱ्या तळव्याने थोपटल्याची खूण.

त्यातलं अर्धं मी त्यांच्याच पायरीवर टाकून आले.
उरलेलं डब्यात तसंच आहे.
पोळ्यांना आता दुसरा डबा बघायला हवा.