उसाशांची नोंद

वीज गेली की घरातला डबा एक उसासा टाकतो.
हे मी म्हणत नाही, मशीनच्या पुस्तकात लिहिलंय.
विझण्याआधी, पोटातल्या कणभर साठ्यावर,
काचेच्या तारेतून तो एवढंच कळवतो:
वीज गेली. तार शाबूत आहे. माझा दोष नाही.

रात्री एक अठरा.
पोस्टामागच्या खोलीत, स्टुलावर मी,
आणि पडद्यावर ओळीओळीने विझणारं रिवण.
सुकडो वेळीप, उसासा.
गावकरांची दोन्ही घरं लागोपाठ,
जावा एकमेकींवर डोळा ठेवून निजतात तशी.
पंचायत. सोसायटी.
मिंगेलचं तावेर्न, मार्चपासून बिल थकलेलं,
त्याचाही डबा इमानाने उसासला.

दोनशे बारा जोडण्या.
एकशे अठ्ठ्याण्णव उसासे.
तेरा इन्व्हर्टरवाले जागे.
राहिला एक:
कोळंबच्या चढावरचा आब्दोन
काही न बोलता गेला.

न बोलता जाणं म्हणजे तार तुटली.
चार वर्षांच्या धंद्यात मी शिकले ते एवढंच,
ओरडणाऱ्याला सकाळ चालते,
गप्प झालेल्याकडे आधी जावं.
(ओरडणाऱ्यांना हे पटत नाही.)

निघताना मीटर पाहिला. शेहेचाळीस पॉइंट नऊ.
त्रेचाळीसला सगळं आपोआप बंद.
चार बॅटऱ्यांची माळ, त्यातली तिसरी
मे महिन्यापासून फसवतेय,
आणि जनरेटर कुडचड्याला,
कार्ब्युरेटर उघडा टाकून मेकॅनिक सासरवाडीला.

स्कूटरच्या डिकीत जोडमशीन, टॉवेलात गुंडाळून.
खाणीच्या रस्त्यावर आता ट्रक नाहीत,
नुसता लाल चिखल, तोही निवांत.
मातीच्या ढिगावर लावलेली आकेशिया
मुळासकट खाली आली होती
आणि तिच्याखाली माझी तार.

टॉर्च घेऊन आब्दोन आधीच उभा.
छत्री त्याने माझ्यावर नाही, मशीनवर धरली.
केसाहून बारीक दोन टोकं,
समोरासमोर, थरथरत,
मग एक ठिणगी.
पडद्यावर आकडा आला: तोटा शून्य पॉइंट शून्य तीन.
एवढंच हरवलं.

‘अडीच वाजले?’ त्याने विचारलं.
स्विंडनला रात्रीचे दहा.
गोदामातल्या पाळीत जोविताला वीस मिनिटं सुट्टी मिळते,
त्यातली बारा ती बापाला देते.

त्याचा राउटर चालतो टिपरच्या बॅटरीवर.
टिपर अंगणात, खाणी बंद झाल्या तेव्हापासून,
चाकांच्या आऱ्यांतून अळू वर आलंय.
बॅटऱ्या दोन. एक राउटरला.
दुसरी तो आठवड्याला चार्ज करतो, उगाच,
कोणी सकाळी येऊन म्हणालं, चल, तर?

मी तिसऱ्या बॅटरीचं बोलले. मागितलं काहीच नाही.
तो पाना घेऊन खाली वाकला.
गंजलेला नट फिरेना, तेव्हा त्याने
त्याला एक पोर्तुगीज शिवी दिली, मग फिरला.
‘ने, बाय. बिलात कापू नको.
मिंगेलच्या नावावर मांड.’

पायांत बॅटरी, गुडघ्यांनी धरून,
उतारभर ब्रेक दाबत परत.
बेमेळ बॅटरी माळेत लावू नये, हेही पुस्तकात आहे.
लावली.
एकोणपन्नास पॉइंट दोन.
पडद्यावर तेरा जागे, अधिक एक.
त्या एकाच्या रेषेवर बारा मिनिटं
काहीतरी वर गेलं, काहीतरी खाली आलं.
मला फक्त जाडी दिसते, शब्द दिसत नाहीत.

चार दहाला वीज आली.
जागं होताना डबे काही म्हणत नाहीत,
नावं हिरवी होतात, इतकंच.
दोनशे अकरा. दोनशे बारा.
आब्दोनचा टिपर आता हाक मारली तरी उठणार नाही;
त्यासाठी पडद्यावर रकाना नाही.

पाचला मिंगेलचा फोन.
नेट स्लो आहे म्हणाला.
पाहते, म्हटलं.