घोडामैदान

काल रात्री पुन्हा हरलो, वेंडेलकाका,
तुमच्यामुळे.

धान्यगोदामाच्या चौकीत माझी पाळी दहा ते सहा.
बाहेर कार्त्सगचं सपाट माळरान, उणे नऊ.
आत हीटर, चरबी लावलेला पाव, वर पाप्रिका,
आणि पडद्यावर सतराव्या शतकातली एक सकाळ.
मूळ खेळ कंपनीचा. त्यावर चढवलेला मॉड माझा, चार वर्षांचा:
तोड्याच्या बंदुका, पावसात विझणारी वात,
ठासायला लागणारे चाळीस सेकंद,
दारू, गोळी, चिंधी, गज,
आणि गज नळीतच विसरून चाप ओढणारा
दर साठांत एक शिपाई.
त्याचं मला फार कौतुक. तो मीच.

पलीकडून, तार्तूहून, उर्वे खेळते.
दिवसा ती दातांचे साचे बनवते.
रात्री तिची एकच खोड: थांबणे.
भालाईतांच्या आड तीन रांगा, पुढची गुडघ्यावर,
आणि माझ्या घोड्यांच्या नाकपुड्या दिसेपर्यंत बार नाही.
मी मात्र नेहमी डावीकडून, ओढ्याआडून,
सहाशे घोडे, आधी चाल, मग दुडकी,
शेवटच्या दीडशे पावलांत चौखूर.
एक बार होतो. धूर होतो.
दुसरा ठासून होण्याआधी आम्ही त्यांच्यात,
भाले असोत नसोत.
घोडा म्हणजे वजन गुणिले वेग,
असं मीच फाईलीत लिहिलं होतं.

मग त्या गुरुवारी तुमचा ट्रॅक्टर दारात अडकला
आणि तुम्ही ऊब घ्यायला आत आलात.
पन्नास वर्षं घोडे राखलेला माणूस,
निळा ढगळ सदरा, हातात माझा कप.
उभ्यानेच बघितलंत.
सहाशे घोडे भाल्यांच्या कुंपणात घुसले.
तुम्ही म्हणालात, "नाही."
मला वाटलं, बंदुकांबद्दल बोलताय;
मी वारा, धूर, ओली वात समजावू लागलो.
"घोडा नाही जायचा," म्हणालात.
"माणूस जाईल. माणसाला पटवता येतं.
घोड्याला फट दिसली पाहिजे."
कप धुऊन ठेवलात आणि गेलात.

तीन रात्री मी आकडे बदलत बसलो.
'नकार' नावाचा नवा रकाना:
समोर फट नसेल, तर पंचवीस पावलांवर
पुढचे पाय रोवायचे, मान वळवायची,
स्वाराचं काय ते स्वाराने बघावं.
पहिल्या चाचणीत सगळेच थांबले,
पळून जाणाऱ्या शत्रूसमोरसुद्धा.
दुसरीत एक तांबडा घोडा
सकाळपर्यंत गोल गोल फिरत राहिला.
त्याला मी तसाच ठेवलाय, वेगळ्या फाईलीत.

काल घोडामैदान जवळ आलं.
बर्फाळ शेत. उर्वेच्या तीन रांगा.
डावीकडून, ओढ्याआडून, सहाशे.
तिने बार केलाच नाही.
नुसते भाले खाली केले
आणि माझी सगळी मिजास पंचवीस पावलांवर दुभंगली,
खडकाभोवती पाणी जावं तशी
तिच्या दोन्ही अंगांनी वाहून गेली.
तेव्हा केला तिने बार. पाठीत.
माझी राखीव तुकडी पोचली, ती वरातीमागून घोडे.

उर्वेने लिहिलं: तुझे घोडे बिघडलेत.
मी लिहिलं: सुधारलेत.

पण काका, एक राहिलंच.
विजयाचा फलक तिच्या नावाने झळकला,
आणि पडद्याच्या कडेला बिनस्वाराचे दोनशे तरी घोडे.
कंपनीच्या नियमाने ते नकाशाच्या टोकाशी जातात
आणि पुसले जातात.
पहाटे चारला मी ते टोकच काढून टाकलं.
ओढा थोडा पुढे नेला,
बर्फाखालून डोकावणारं गवत.
आता ते एकमेकांना शोधत येतात,
माना खाली घालतात,
पाठीवर खोगीर तसंच.

ते उतरवायचं कसं, मला जमत नाहीये.
सोमवारी माझी पाळी आहे.
ट्रॅक्टर अडकला नाही, तरी या.