हाताची उलटी बाजू

रात्री दीडला पुन्हा ती करकर.
आधी वाटलं, बोळातून कुणी नवं पायताण घालून चाललंय,
हौशी गिऱ्हाईक मुद्दाम मागतं तसलं, वाजणारं.
मग कळलं, पोरगी गाल घासतेय
दुपट्यावर.

शर्वरी. सात महिन्यांची.
गुडघ्यामागं, कोपराच्या वळीत, कानाच्या पाळीखाली
लाल, खरबरीत, कुठं कुठं ओलसर.
जयमाला दिवा लावते. मी नको म्हणतो,
तरी लावते. बघायलाच लागतं.

सुभाषनगरात ज्याला त्याला औषध ठाऊक.
काशाक्का म्हणाली, डाळीचं पीठ आणि साय, चांगलं खसाखसा चोळ.
समोरचा म्हणाला, उष्णता हाय, दुसरं काय.
आईनं मीठ-मोहऱ्या ओवाळून तव्यावर टाकल्या,
घरभर ठसका. पोरगी तीनदा शिंकली
आणि शिंकेपुरती खाजवायची थांबली.
आई म्हणाली, बघा.

सीपीआरला नंबर चौतीस.
डॉक्टरीणबाई तरुण, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या.
म्हणाल्या, एक्झिमा असेल, नसेलही,
पंधरा दिवसांनी परत दाखवा.
अंघोळ कोमट पाण्यानं, पाच मिनिटांत.
वासाचा साबण नको. टिपायचं, पुसायचं नाही.
अंगावर ओल आहे तोवर मलम,
आणि हात आखडायचा नाही.
लोकरीचं काही नको. नखं बारीक.
मग विचारलं, तुम्ही काय काम करता?
मी हात टेबलाखाली घेतले.

चामडं मला कळतं.
बाभळीची साल, हिरड्याचं पाणी,
कुठल्या कातड्यानं किती दिवस मुरायचं.
डोळे झाकून बोट फिरवतो, सांगतो
पाठीचं की पोटाचं.
कोरडं पडलं की चिरतं, म्हणून तेल पाजतो आम्ही.
बाई सांगत होत्या ते याहून लांबचं नव्हतं.
पण ते कातडं गप्प असतं,
आरी आरपार गेली तरी.

परवा दुकानातून आलो, हात धुतले, तिला घेतलं.
तिनं माझा तळवा धरला,
पंधरा वर्षं वादी ओढून ओढून झालेला, सहाणेसारखा,
आणि त्यावर गाल घासला.
घासतच राहिली. डोळे मिटून, हुं हुं करत.
एवढं सुख तिला कुठल्या मलमानं दिलं नव्हतं.
मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
या हाताला आजवर असं कुणी जवळ ओढलं नव्हतं.
मग दिसली तिच्या गालावर
रक्ताची बारीक रेघ, शिवणीच्या दोऱ्याएवढी.

हात काढून घेतला तर केवढी रडली.

आता मी हात उलटा करतो.
मागची बाजू, जिथं आरी कधी पोचली नाही.
गार पाण्यात पिळलेलं मलमलीचं फडकं तिच्या गालावर ठेवतो,
वरून बोटांची पाठ. दाबत नाही. नुसती ठेवतो.
जयमालानं माझ्या जुन्या बनियनच्या दोन पिशव्या शिवल्यात,
हातात घालायला. पोरगी खाजवायची सोडून पिशवी चोखते.
चोखू दे.

ती जन्मायच्या आधी केलेली एक जोडी
खिळ्याला टांगलीय, माझ्या दोन बोटांएवढी, लाल गोंड्याची.
बाई म्हणाल्या, चामडं अंगाला इतक्यात नको.
ठीक आहे. दर रविवारी तिला तेल लावतो,
परत टांगतो.

चार वाजले. गंगावेशीकडं म्हशी निघाल्या असतील.
मलमाची ट्यूब संपली म्हणून जयमाला पिळत बसलीय,
दुकान उघडायला अजून पाच तास.
मी रापी आणली. साबणानं धुतली, दोनदा.
ट्यूबचं पोट उभं फाडलं.
आत चिकटलेलं, पांढरं,
अजून दोन दिवस पुरेल एवढं होतं.