रातपाळी

पहाटे तीनला मागांचा खडखडाट
कानात नाही, दाढेत वाजतो.
चौथ्या चहाला निघालो
तर गड्डममामा म्हणाले, "थांब रे.
चहा म्हणजे उसनवारी,
सकाळी व्याजासकट वसूल करतो."

त्यांच्या डब्यात गुळाचा खडा, मूठभर शेंगा,
कडक भाकरीचा तुकडा.
"सावकाश चाव. भाकरी मोडते तशी झोपही मोडते."
मग हौदावर जाऊन मानेवर पाणी,
आणि दारापर्यंत चालत
कडुलिंबाकडे बघून यायचं.
"ते कशाला?"
"तो रात्रभर हलतो की नाही? पण घाईत नाही."

परवा वीज गेली.
चाळीस माग एकदम गप्प.
तेव्हा कळलं, माझे हात अजून चालूच आहेत,
अंधारात तुटका धागा शोधत.
मामांनी ते धरून ठेवले
वीज येईपर्यंत.
बोलले काहीच नाहीत.

आता दुपारचे बारा. सोलापूर बेचाळीसवर.
नागमणी खिडकीला ओला टॉवेल लावते,
मीच विणलेला,
काठ चुकला म्हणून मालकानं नाकारलेला.

त्याच चुकलेल्या काठातून
गार वारा येतोय.
चहा नको म्हणालो तिला.
उठव पाचला.